मूळ रहिवाशांचा ठराव

वाघदरवाडी, ता. दौंड
१४ जुलै २०२५

चि. सौ. नंदास अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

मागच्या रविवारी तू फोनवर माझं बोलणं मध्येच तोडलंस. दादा, तुम्ही आवाज चढवता, काय म्हणायचं ते लेखी द्या, असं म्हणून फोन ठेवलास. ठीक. हे लेखी.

आईची तब्येत चांगली आहे. गुडघे कुरकुरतात, पण जीभ शाबूत आहे. माझ्या सत्यजीतचा कुरकुंभच्या कंपनीतला लेबरचा ठेका यंदाही त्याच्याकडेच राहिला.

आता मुद्दा. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मी एक ठराव मांडणार आहे. गावात बाहेरच्यांची काय गर्दी झालीय ते तू शिरूरला बसून बघत नाहीस. नळाला पाणी पुरत नाही. शाळेत पहिलीच्या वर्गात अर्धी पोरं हिंदी बोलतात. एकटा माणूस कामाला आला तर माझी हरकत नाही. तो शिफ्ट करतो, झोपतो, सणाला गावी जातो. पण तो बायको आणतो, पोरं होतात, मग रेशनकार्ड, मग मतदारयादी. आपली पोरं पारावर बसून मोबाइल बघतात आणि गाव दुसऱ्याचं होतं. अमेरिकेत, युरोपात मोठमोठे लोक हेच सांगतायत. मी रोज ऐकतो. त्यांना कळतं ते आपल्याला कळू नये?

मसुदा सोबत जोडलाय. तू राज्यशास्त्राची प्राध्यापक होतीस. भाषा नीट कर आणि जगातली दोन वजनदार वाक्यं घाल.

एक अडचण आहे. आपल्या चाळीत मालद्याचा अख्तर राहतो, सत्यजीतच्याच ठेक्यावर आहे. त्याची बायको रेहाना हिला आठवा लागलाय. ठराव झाला की महिन्यात तिला जावं लागेल. सुरुवात माझ्यापासून केली नाही तर लोक तोंडावर बोलतील. आई तिला रोज ताटलीभर कालवण नेऊन देते, त्यामुळे आई बिथरेल. तिची समजूत तू काढ.

बाकी क्षेम. थोरल्याचं ऐकण्याची सवय मोडली असली तरी माया मोडू देऊ नको.

तुझा दादा,
पृथ्वीराज



शिरूर
२० जुलै २०२५

ती. दादास, सा. न. वि. वि.

मसुदा मिळाला. दोनदा वाचला. एकदा अर्थ लागावा म्हणून, आणि दुसऱ्यांदा लागलेला अर्थ चुकीचा असावा या आशेने. एका वाक्यात कर्ता नाही, दुसऱ्यात क्रियापद नाही आणि सबंध मसुद्यात विचार नाही. पहिल्या दोन उणिवा मी भरून काढल्या आहेत. तिसरी माझ्या आवाक्याबाहेरची आहे.

सीमा राखणे हा राज्याचा अधिकार आहे, हे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवीत आले. आत कोण येतो याची चौकशी व्हावी. कोणी खोट्या ओळखीने आला असेल तर त्याचे म्हणणे ऐकून त्याला परत पाठवावे. यात मला काही वावगे दिसत नाही. पण त्यासाठी कायदा लागतो, न्यायाधीश लागतो, वरच्या न्यायालयात दाद मागण्याची सोय लागते. तुमच्याकडे यांपैकी काय आहे? समाजमंदिराची किल्ली आणि भाड्याचा ध्वनिक्षेपक. मालदा पश्चिम बंगालात आहे आणि पश्चिम बंगाल भारतात आहे. ज्या परदेशी पुढाऱ्यांची भाषणे तुम्ही न्याहारीसोबत ऐकता, ते निदान आपल्या देशाच्या कडेला भिंत मागतात. तुम्ही ती देशाच्या मधोमध, कुरकुंभच्या अलीकडे, बांधायला निघाला आहात.

मसुद्यातील सर्वांत प्रामाणिक कलम तिसरे. एकट्या कामगारास हरकत नाही, कुटुंबास मनाई. म्हणजे काम करणारे हात हवेत, मात्र त्या हातांना बायको नसावी, मूल नसावे, तहान तर मुळीच नसावी. ही माणसे गावात आणतो कोण? आपला सत्यजीत. ती राहतात कोणाच्या खोल्यांत? तुमच्या. मुलगा माणसे आणतो, बाप भाडे घेतो आणि उरल्या वेळात त्यांच्यापासून गाव वाचवतो. इतकी आटोपशीर घरगुती वाटणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आपल्या मुलांना काम मिळत नाही, हे दुःख खरे आहे, आणि ते तुम्ही एका वाक्यात उरकले याचा मला राग आहे. ते मनापासून लागले असेल तर ठेकेदारीविरुद्ध ठराव आणा. सूचक तुम्ही, अनुमोदक सत्यजीत. मी तो सोनेरी शाईने लिहून देईन.

आणखी एक. ‘मूळ रहिवासी’ हे शब्द मसुद्यात जागोजागी येतात, त्यांची व्याख्या कोठेच नाही. मला न पटणारी गोष्टही अर्धवट हातावेगळी करण्याची सवय मला नाही. मूळ रहिवासी म्हणजे कोण, ते कळवा.

रेहानाला मी जूनमध्ये पाहिले. आईच्या पायाला तेल चोळत बसली होती. तिला नवव्या महिन्यात दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासाला काढण्याचे शहाणपण मी आईला समजावून सांगावे, असे तुम्ही लिहिता. ते तुम्हीच सांगा, आईच्या समोर बसून, तिच्या डोळ्यांकडे पाहून.

वहिनींना नमस्कार. माझ्यावर लोभ आहेच. त्यातला थोडा इतरांसाठीही काढावा, ही विनंती.

आपली,
नंदा



वाघदरवाडी
२७ जुलै २०२५

चि. सौ. नंदास आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचलं. भाषा दुरुस्त करायला सांगितली होती, मला दुरुस्त करायला नाही.

व्याख्या विचारलीस. सोपी आहे. ज्याचा जन्म वाघदरवाडीच्या शिवेच्या आत झाला, तो मूळ रहिवासी. कागद कुणीही काढतो, जन्म काढता येत नाही. ठरावासाठी केलेल्या आमच्या समितीत सगळ्यांनी ती एकमुखानं मान्य केली. समितीचा अध्यक्ष मीच आहे.

आता राग मानू नको, पण तुला बाहेरच्यांचा एवढा कळवळा कशामुळं ते मला कळतं. तुझा स्वराज कॅनडात कायम राहायला मिळावं म्हणून रांगेत उभा आहे. तो शिकून गेला, नियमानं गेला. त्याची आणि अख्तरची तुलना करू नको. त्यात स्वराजचाच अपमान आहे.

आईला अजून सांगितलेलं नाही. सवड झाली नाही.

मोठ्या भावाचं मन मोठं आहे असं समजून वागत जा.

पृथ्वीराज



शिरूर
२ ऑगस्ट २०२५

ती. दादास, सा. न. वि. वि.

सोबत राखी आहे. पौर्णिमेच्या दिवशी वेळेवर बांधून घ्यावी.

होय, स्वराज रांगेत आहे. त्याच्या शहरातल्या एका सभेत वक्ता म्हणाला की घरे महागली ती या लोकांमुळे. स्वराज शेवटच्या रांगेत बसला होता. बोलणारा त्याचाच घरमालक होता. दुसऱ्या दिवशी त्याने स्वराजचे भाडे वाढवले. तुमची ओळख करून द्यायला हवी होती. दोघांचे फार जुळले असते.

तुमची व्याख्या उत्तम आहे. नेमकी, कोरडी, पळवाट नसलेली. मी ती पहिल्या कलमात घेतली असून तिच्यापुढे एक वाक्य जोडले आहे: ‘यास कोणताही अपवाद असणार नाही.’ तुमच्या मसुद्याचा आवेश तोच होता. आता त्यातला एकही शब्द हलवू नका.

सभेत मांडण्यापूर्वी तो आईला मोठ्याने वाचून दाखवा. दाखवणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी माझे कर्तव्य म्हणून लिहिले.

राखी बांधणारी बहीण पाठीशी आहेच. पाठ दाखवू नये, एवढेच मागणे.

आपली,
नंदा



वाघदरवाडी
१७ ऑगस्ट २०२५

ती. नंदावन्सं यांस अपेक्षाचा स. न. वि. वि.

तुमच्यासारखं मला लिहिता येत नाही, पण ह्यांच्या हातनं तुम्हाला खरं काही कळायचं नाही, म्हणून मीच बसले.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी बायकांची सभा घ्यावी लागते. दरवर्षी आमच्या सह्या घेतात आन् चहा पाजून घरी पाठवतात. ह्या वेळी ग्रामसेवकाचा घसा बसला होता, म्हणून ठराव मी वाचला. पहिलंच कलम. शिवेच्या आत जन्मला तोच मूळ रहिवासी, बाकीच्यांनी एकट्यानं राहायचं, तेही समितीच्या परवानगीनं, कुटुंब महिन्यात बाहेर. सोजराबाई म्हणाल्या, आगं, मग आपुन? तवा सगळ्यांच्या ध्यानात आलं की सभेतली एकबी बाई ह्या गावात जन्मलेली नाही. सगळ्या सुना. कुणी इंदापूरची, कुणी श्रीगोंद्याची, मी बारामतीकडची.

हसू थांबंना. तेवढ्यात आई उठल्या. म्हणाल्या, सुनांचं ऱ्हाऊ द्या, आमचा पिरथ्या तरी कुठं हितला हाय? पहिलं बाळंतपण माहेरी असतंय. पिरथ्या भीमेपल्याड झाला, मांडवगणला, माझ्या आईच्या घरात. नंदी तेवढी हितं झाली.

वन्सं, मग प्रत्येकीनं आपल्या घरचा थोरला मोजला. एकसुद्धा गावात झालेला निघाला नाही. सगळे आईच्या माहेरी झालेले. धनगरवस्तीची म्हाळसा म्हणाली, आमची तर मेंढरामागं चालताना झाली, कुणी कोकणात, कुणी घाटात, आमी कुणाच्या गावचं? आन् पंचविशीच्या आतली पोरं तर सगळी दौंडच्या दवाखान्यातली. आम्ही ठराव जसाच्या तसा मंजूर केला आन् घरी कुणी सांगितलं नाही, उद्या ह्यांचं ह्यांनाच कळू दे म्हणून.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं. ह्यांनी माइकवर ठराव वाचला. मोठा आवाज लावून वाचला. ते अपवादाचं वाक्य तर दोनदा. टाळ्या पडल्या. मग भिमाजी आप्पा काठी टेकत उठले. ते त्यांच्या घरातले चौथे भाऊ, गावातच झालेले. आप्पा म्हणाले, “आपापल्या आईचं पयलं लेकरू आसतील त्यांनी जरा हात वर करा.”

थोरलं असणं ही गावात मानाची गोष्ट. सगळे कारभारी, सगळी समिती, छाती काढून हात वर. ह्यांचा सगळ्यात उंच. आप्पा म्हणाले, “आता हात खाली घिऊ नका. ठरावापरमानं तुमी समदे बाहेरचे. बायकापोरं महिन्यात गावाबाहेर काढा आन् एकटं ऱ्हावा. परवानगी कुनाकडनं घ्यायची त्ये मातुर कळंना, समिती बी बाहेरचीच हाय.”

मंडप हसून हसून आडवा झाला. मला वाटलं, झालं, मिटलं.

पण मिटलं नाही. समितीची मंडळी शाळेच्या मागं गेली, अर्ध्या तासानं आली. नवीन कलम आणलं. ज्याचा बाप वाघदरवाडीचा तो मूळ रहिवासी. सुना नवऱ्याच्या नावावर धरायच्या. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकींना सवलत. आन् मघाशी हसत होते त्यांनीच हात वर करून ठराव पास केला. आप्पा एकटे खाली बसून राहिले.

संध्याकाळी ह्यांनी अख्तरला सांगितलं, महिनाभरात बायकोची सोय कर. त्याआधीच सत्यजीतनं त्याला ठेक्यावरनं कमी केलं होतं, कटकट नको म्हणून. माझ्या पोटचा पोरगा, काय सांगू. अख्तर गावाकडच्या गाडीचं तिकीट बघतो म्हणाला. रेहाना दारात उभी होती. तिची आई लहानपणीच गेलीय. तिथं गेली तरी करणारं कुणी नाही.

आई चाळीत गेल्या, तिचा हात धरला आन् तिला घरात घेऊन आल्या. तिची पेटी आपल्या पलंगाखाली सरकवली. हे म्हणाले, समितीला मी काय सांगू? आई म्हणाल्या, “सांग, लेक बाळंतपणाला आलीया. तुमच्याच ठरावात हाय.”

समितीतली दोघं विचारायला आली. आईंनी त्यांना चहा दिला आन् विचारलं, ही माझी लेक न्हाई आसं माझ्या तोंडावर कोण म्हणतंय? ती दोघं चहा पिऊन निघून गेली. पण गावात चर्चा चाललीय की अध्यक्षानं स्वतः सांगावं, ती बाई त्यांची कोण. हे सगळ्यांना एकच सांगतात, आईला विचारा. घरात रेहानाकडं बघत नाहीत, तिच्या हातचं पाणी घेत नाहीत.

अख्तरला सणसवाडीला काम लागलं. शिक्रापूरला खोली बघतोय. दिवस भरले की काय होतंय देव जाणे. तुम्ही एकदा येऊन जा. माया आहे तशीच असू द्या, माझ्यावर आन् ह्यांच्यावरही.

तुमची,
अपेक्षा



शिरूर
२४ ऑगस्ट २०२५

ती. दादास, सा. न. वि. वि.

वहिनींच्या पत्रावरून सभेचा वृत्तान्त कळला. व्याख्येतली खोच मला पहिल्या वाचनातच दिसली होती, हे तुम्ही ओळखले असेलच. हसे झाले की ठराव पडेल, असा माझा अंदाज होता. तो चुकला. लोक एखाद्या गोष्टीला पोट धरून हसतात आणि तरीही तिला हात वर करतात, हे मला या वयात आपल्या गावाने शिकवले. धडा महाग आहे, कारण त्याची किंमत मी नव्हे, रेहाना मोजते आहे.

तुमच्या सफाईचे मात्र कौतुक वाटते. जन्म काढता येत नाही, असे तुम्ही जुलैत लिहिले होते. ऑगस्टमध्ये शाळेच्या भिंतीमागे तुम्ही तो अर्ध्या तासात काढून टाकला आणि त्या जागी बाप बसवला. सगळा गाव घरी परतला, फक्त ज्यांना घालवायचे होते ती माणसे बाहेर राहिली. कायदा असाच करायचा असतो, हे आता मान्य करते. पुस्तकांत उगाच लांबण लावलेली असते.

नव्या कलमाप्रमाणे आई नवऱ्याच्या नावावर गावात राहते. आण्णांना जाऊन दहा वर्षे झाली. ज्या बाईने तुम्हाला जन्म दिला, तिच्या वास्तव्यास आज एका दिवंगत माणसाची परवानगी आहे. समितीने हे तिला लेखी कळवावे. मसुदा मी देईन.

राहिली रेहाना. ती तुमची कोण, असे गाव विचारते आणि तुम्ही ‘आईला विचारा’ म्हणता. दादा, हे उत्तर नव्हे. ठराव मांडणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य असायला हवे, आणि आईच्या मुलाला ‘हो’ म्हणण्याचे. तुमच्यापाशी सध्या दोन्हींपैकी एकही नाही, केवळ अध्यक्षपद आहे. मला तुमच्या मताची लाज वाटत नाही, मते चुकतात. लाज वाटते ती तुम्ही त्या मुलीच्या समोरून रोज मान खाली घालून जेवायला बसता याची.

पुढच्या आठवड्यात येते. तिच्यासाठी अळीव आणि डिंक आणीन. लोभ मागून मिळत नाही असे मी मानत आले. आज मागते.

आपली,
नंदा



वाघदरवाडी
१२ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. नंदास आशीर्वाद, वि. वि.

तू दोन दिवस राहून गेलीस, पण माझ्याशी धड बोलली नाहीस. म्हणून परत लेखी.

तुला अपेक्षानं कळवलंच असेल, तुझ्या जाण्यानंतर दौंडच्या सरकारी दवाखान्यात रेहानाला मुलगी झाली. आईनं सव्वा महिना शेक, तेल, धुरी, सगळं आपल्या पोरीचं करावं तसं केलं. मी त्यात पडलो नाही. खोल्या रिकाम्या आहेत. सत्यजीतला माणसं मिळेनात. पारावरच्या पोरांना बोलावलं तर दोन आली आणि चार दिवसांनी पगार ऐकून परत गेली. हे तुला आनंदाचं वाटेल म्हणून लिहितो.

काल तिला अख्तरकडं शिक्रापूरला पोचवायचं होतं. मी सत्यजीतला गाडी घेऊन जा म्हणालो. आई म्हणाली, बाळंतीण लेक सासरी जाते तेव्हा भाऊ सोडायला जातो, ड्रायव्हर नाही. मी म्हणालो, लोक बघतील. आई म्हणाली, मग दुपारीच जा, नीट बघतील. गेलो. सोबत तांदूळ, डिंकाचे लाडू, दुपटी आणि आपल्या अपेक्षानं सत्यजीतच्या वेळचा काढलेला लाकडी पाळणा. आपल्या गावातून गाडी निघाली तेव्हा पारावरची सगळी उठून उभी राहिली. कशासाठी ते मी विचारलं नाही.

आता तक्रार. शिक्रापूरच्या माणसांना काही रीतभात उरलेली नाही. हमरस्त्यालगत तीनमजली इमारत आहे, सगळ्या भाड्याच्या खोल्या. खाली घरमालक खुर्ची टाकून बसलेला. आपल्यातलाच, पांढरे कपडे, वयानं माझ्याएवढा. मला म्हणाला, कुठले? मी गाव सांगितलं. म्हणाला, दौंडकडच्यांना कशाला सोडू, इथं बाहेरच्या माणसाला वर जायला बंदी आहे, आधार दाखवा. आधार घरी राहिलं होतं. मी नाव सांगितलं, भावकी सांगितली, समितीचं अध्यक्षपद सांगितलं. तो म्हणाला, असाल. रेहानाला बाळासकट आत घेतलं, कारण तिचं नाव अख्तरनं आधीच दिलं होतं. मला बाहेर ठेवलं. शेजारून ट्रक जातायत, धूळ उडतेय, आणि मी डोक्याला रुमाल न बांधता उन्हात उभा. हातात पाळणा. खाली ठेवावा तर गटाराचा चिखल. माझ्या वयाच्या माणसाला असं कुणी उभं करतं का? त्या गावात तुझा कुणी जुना विद्यार्थी पदावर असेल तर त्याच्या कानावर हे घाल. नियम असावेत, पण माणूस बघून असावेत.

बऱ्याच वेळानं अख्तर शिफ्ट संपवून आला. कंपनीच्या कपड्यातच होता. त्यानं मला बघितलं आणि आधी पाळण्याला हात लावला, मला ओझं होऊ नये म्हणून. मी दिला नाही. घरमालकानं त्याला विचारलं, हा माणूस कोण तुझा? मला वाटलं, आता हा सगळा हिशेब चुकता करणार. अख्तर म्हणाला, “रेहाना का भाई है.”

घरमालकाला पटलं नाही. त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मलाच विचारलं, खरं का हे? जिन्यात रेहाना बाळ घेऊन थांबली होती. ती माझ्याकडं बघत नव्हती.

मी हो म्हणालो.

मग वर गेलो, पाळणा बांधून दिला, चहा घेतला आणि आलो. आईला अजून सांगितलेलं नाही, तू सांगू नको.

दिवाळीला ये. लोभाबद्दल ह्या वेळी काही लिहीत नाही, तूच काय ते समज.

तुझा दादा,
पृथ्वीराज